तळ्याकाठी जाऊन आलेली गाडी

श्रीमंत धुळाप्पा गाडी चालवायला बसला की अर्धा जागा, अर्धा झोपेत असल्यासारखा दिसायचा. पापण्या जरा खाली आलेल्या, ओठ किंचित उघडे, आणि स्टेअरिंगवर हात असे ठेवलेले, जसे एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावेत. पहिल्यांदा बसणारा उतारू घाबरून मागून विचारायचा, "ड्रायव्हर, जागं हाय न्हवं?"

"जागाच हाय की," श्रीमंत म्हणायचा, आणि आडव्या येऊ घातलेल्या शेरडासाठी त्यानं गाडी आधीच हळू केलेली असायची.

तो मूळ वळसंगचा, धनगराचा. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मेंढरांमागं फिरला. मग मोठी लढाई लागली तेव्हा सैन्याच्या कामावर इराकात बसऱ्याकडं गेला आणि तिथल्या वाळूत लॉरी चालवायला शिकला. परत आल्यावर त्यानं सोलापुरातल्या एका गिरणीच्या साहेबाची गाडी दहा वर्षं चालवली. सन एकतीसमध्ये त्यानं स्वतःची एक वापरलेली, कापडी हुडाची गाडी घेतली. ती निळी होती. पाऊस पडून गेल्यावर अक्कलकोटच्या बाजूला आभाळ जसं दिसतं, तसला निळा रंग. सोलापूर, वळसंग, अक्कलकोट आणि परत, अशी त्याची रोजची सर्व्हिस होती. रस्त्यावरची माणसं गाडीला 'निळी' म्हणायची. "निळी गेली का?" एवढं विचारलं तरी पुरायचं.

तेहतीस साली सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत निळी महिनाभर पळाली. माघ संपत आला तेव्हा श्रीमंतनं तिला तेलपाणी आणि साफसफाईसाठी एजन्सीत नेलं. गाडी त्यानं तिथूनच घेतली होती. स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पुढच्या बाजूला काचेमागं नव्या मोटारी, मागच्या अंगणात दुरुस्तीचं पत्र्याचं शेड. मॅनेजर पंचाक्षरी म्हणून होते, उंच, गोड बोलणारे, पांढऱ्या कोटाचे.

"सोमवारी सोडा, बुधवारी घेऊन जा," पंचाक्षरी म्हणाले.

ते दोन दिवस श्रीमंतला मोठे विचित्र गेले. तो बाळीवेशीजवळच्या आपल्या खोलीत बसून राहिला. जेवताना त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. त्याची बायको कस्तुराबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अवं, ब्रेक कशाला दाबताय? भाकर काय आडवी आली व्हय?"

बुधवारी सकाळी निळी अंगणात उन्हात उभी होती. धुतलेली, चकचकीत. श्रीमंत तिच्याकडं चालत गेला आणि चार पावलांवर थांबला. काय चुकलंय ते त्याला लगेच कळलं नाही. रोजच्या ओळखीच्या माणसानं मिशी काढली की आधी नुसतं चुकल्यासारखं वाटतं, तसं झालं. मग दिसलं. डाव्या मडगार्डाचा निळा बाकीच्या निळ्यापेक्षा जरा गडद होता. त्यावर हात फिरवला तर रंगाखाली ठोकल्याच्या बारीक लाटा लागल्या. डाव्या दिव्याची काच दुसरीच होती.

त्यानं गाडी चालू केली आणि अंगणातच एक फेरी मारली. गाडी डावीकडं ओढत होती. जनावराला वारा आल्यावर पाण्याचा वास लागतो आणि ते मान तिकडं वळवतं, तशी.

"सायेब," तो पंचाक्षरींना म्हणाला, "गाडीला काय झालंय?"

"कुठं काय? नवीसारखी केलीय."

"मडगार्ड ठोकलाय. दिवा बदललाय. आन पुढचा आस वाकलाय."

पंचाक्षरी हसले. "अहो श्रीमंत, अक्कलकोटचा रस्ता काय आम्ही बांधलाय? गाडी आली तेव्हाच तशी होती. आमच्या माणसांनी तर फुकटात रंग मारून दिला. आमच्या शेडातली गाडी फाटकाबाहेर जात नाही. घ्या, इथं सही करा. गाडी ठीकठाक मिळाली म्हणून."

त्यांनी वही पुढं केली. श्रीमंत भांडणारा माणूस नव्हता. आजवर कुणी आवाज चढवला की तो मनानं कुठंतरी लांब माळावर निघून जायचा आणि सगळं संपल्यावर परत यायचा. पंचाक्षरींना ते ठाऊक असावं. पण आज तो माळावर गेला नाही. तो गुडघ्यांवर बसला, मग पाठीवर झोपला आणि गाडीखाली सरकला.

तिथं सावली होती, तेलाचा थंड वास होता. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथं धुण्याचं फडकं पोचलं नव्हतं, तिथं वाळलेला पांढुरका चिखल होता. चिखलात नखाएवढे शंख रुतलेले. आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये अडकलेला लोकरीचा एक पुंजका. काळा, टोकाकडं तांबूस, त्यावर एका बाजूला गेरूचा डाग.

श्रीमंतनं तो पुंजका ओढून काढला आणि बोटांत चोळला. अजून मेणचट होता. नाकाशी नेला, आणि क्षणभर तो पत्र्याच्या शेडापाशी राहिलाच नाही. तो नऊ वर्षांचा होता, शेतात बसवलेल्या मेंढरांमध्ये झोपला होता, चहूबाजूंनी ऊबदार पाठी खालीवर होत होत्या, आणि त्याचा बाप धुळाप्पा लांबून कुठूनतरी हाळी देत होता.

"उठा आता," पंचाक्षरींचा आवाज आला.

श्रीमंत उठला. त्यानं गाडीतला मैलांचा आकडा पाहिला. सोमवारी सोडतानाचा आकडा त्याला पाठ होता. त्याच्यापुढं बारा मैल गेले होते. सहा जायला, सहा यायला. शंखांचा चिखल काळ्या रानात मिळत नाही, तळ्याच्या काठी मिळतो. तुळजापूरच्या रस्त्यानं हिप्परग्याचं तळं तेवढंच लांब होतं.

त्यानं वही घेतली. सैन्यात असताना तो लिहायला शिकला होता. पंचाक्षरींनी दाखवलेल्या जागी त्यानं सावकाश, एकेक अक्षर लावत लिहिलं: डावा मडगार्ड चेपून ठोकलेला, डावा दिवा बदललेला, गाडी डावीकडं ओढते, बारा मैल जास्त. मग खाली सही केली.

"हे काय लिहिलंत?" पंचाक्षरींचं हसू गेलं.

"जे मिळालं ते लिवलं, सायेब."

अंगणाच्या कोपऱ्यात शिवप्पा नावाचा फिटर हात पुसत उभा होता. तिशीचा, किडकिडीत, शेडातल्या सगळ्यांसारखा निळ्या सदऱ्यातला. गाडी बाहेर पडताना श्रीमंतनं त्याच्याकडं पाहिलं. शिवप्पानं मान खाली घातली आणि आधीच पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला.

श्रीमंत घरी गेला नाही. तो तसाच तुळजापूरच्या रस्त्याला लागला.

दुपार व्हायला आली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी काढलेली रानं पडली होती, धसकटांमध्ये ऊन साचलेलं. पुढं रस्त्यावर पाणी चकाकत होतं आणि गाडी जवळ गेली की आणखी पुढं सरकत होतं. गाडी डावीकडं ओढत होती, तो तिला उजवीकडं धरून ठेवत होता, आणि त्या सततच्या ओढीनं त्याला गुंगी आल्यासारखं झालं. आपण गाडी नेत नाही, गाडीच कुठंतरी जाऊन आलीय आणि आता ती जागा दाखवायला नेतेय, असं त्याला वाटू लागलं. पुढं एका ठिकाणी चकाकणारं पाणी सरकायचं थांबलं. ते तळं होतं.

बांधाच्या खालच्या अंगाला मेंढरं बसली होती. बहुतेक काळी, पाठीवर गेरूची बोटं ओढलेली. बाभळीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून एक मेंढी पडली होती. मेंढीच्या पुढच्या पायाला निळ्या कापडाची पट्टी घट्ट बांधलेली.

श्रीमंत गाडीतून उतरला. म्हातारीनं गाडीकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आली व्हय परत."

"मावशे, ही गाडी वळकती तू?"

"वळकती की. परवादिशी सांजंला आली. हितं काठाकाठानं हळूहळू फिरली, मग वर रस्त्याला चढताना माझी ही आडवी गेली. तिला वाचवायला त्यानं गाडी वळवली, तर थेट धोंड्यावर. तरी हिचा पाय गावलाच." म्हातारीनं मेंढीच्या कानामागं खाजवलं. म्हातारीचं नाव मायाक्का. "पर माणूस वाईट न्हवता, बाबा. उतरून आला, हितं बसला. सदऱ्याची बाही फाडून पट्टी बांदली. लई रडला. मी त्याला म्हनलं, आरं, मेंढी माझी आन रडतुयास तू. उद्या येतो म्हनला. आला न्हाय."

श्रीमंतनं वाकून पट्टी पाहिली. एजन्सीतल्या माणसांच्या सदऱ्याचं कापड. त्यानं पायाला हात लावला तेव्हा मेंढी थरथरली. हाड मोडलं होतं आणि वरचा भाग गरम लागत होता.

"पाय सुजलाय मावशे. हिला सोलापूरला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला पायजे."

"कशी न्यायची? उचलून?"

श्रीमंतनं निळीकडं पाहिलं. मागच्या सीटवर नुकतंच कुणीतरी नवं कापड घातलेलं होतं. त्यानं आपलं घोंगडं त्यावर अंथरलं.

मायाक्कानं मेंढरं कळपापाशी उभ्या असलेल्या सुनेवर सोपवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली. मेंढीचं डोकं तिच्या मांडीवर, मेंढीचं तोंड वाऱ्याच्या बाजूला. गाडी सुरू झाली तशी म्हातारीनं डोळे मिटून घेतले. काही वेळानं डोळे उघडून ती म्हणाली, "बाबा, आपण चाललोय का थांबलोय?"

"चाललोय की, मावशे."

"मग झाडं का चालत्यात?"

श्रीमंतलाही तसंच दिसत होतं. बाभळी एकामागून एक मागं निघाल्या होत्या, मागून मेंढीच्या लोकरीचा वास येत होता, आणि अठरा वर्षांपूर्वी सोडलेला कळप आज आपल्याच गाडीत बसून आपल्याबरोबर शहराकडं चाललाय, असं काहीतरी त्याच्या मनात तरंगत होतं. रस्त्यानं भेटलेला एक गाडीवान बैल थांबवून बघतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या. "आठ दिवस ठेवा इथं. पट्टी वेळेवर बांधली म्हणून पाय वाचला," ते म्हणाले.

तिथून श्रीमंत मायाक्काला घेऊन घरी आला. कस्तुराबाईनं तिला जेवू घातलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "आता काय करणार? झोपणार?"

"एजन्सीत जाणार."

"बोलाल तितं? का नुसतं बगत बसाल?"

"बोलीन."

"मी बी येती," कस्तुराबाई म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

उन्हं कलली होती. एजन्सीच्या अंगणात पंचाक्षरी उभे होते, शेडातली दोन-तीन माणसं हत्यारं आवरत होती. मायाक्का गाडीतून उतरली, इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ शिवप्पाकडं गेली.

"ह्यो बगा," ती आनंदानं म्हणाली, "ह्यानंच माझ्या मेंढीचा पाय बांदला. आरं बाबा, पाय वाचला तिचा. डाक्टर म्हनला."

शिवप्पाच्या हातातला पाना खाली पडला. "वाचली?" तो म्हणाला. "खरंच वाचली?" आणि तो तिथंच जमिनीवर बसला.

पंचाक्षरी पुढं आले. "कोण ही बाई? आणि शिवप्पा, काय भानगड आहे ही?"

"सायेब, तुमी म्हनला गाडी फाटकाबाहेर जात न्हाय," श्रीमंत म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, पण तो थांबला नाही. "ही गाडी सोमवारी सांजंला हिप्परग्याच्या तळ्यावर गेलती. ही मावशी तितं व्हती. ही लोकर माझ्या गाडीखाली गावली. मैलाचा आकडा तुमच्या वहीत लिवलाय, खाली माझी सही हाय. आता तुमी सांगा, माझी गाडी आली तवाच तशी व्हती काय?"

मग शिवप्पा उठला.

"मी नेली," तो म्हणाला. "दादा, मी आठ वरसं ह्या शेडात हाय. गाडी खोलतो, जोडतो, चालू करतो, फाटकापतुर नेतो. फाटकाच्या पल्याड ती कशी चालती ते मला ठावंच न्हवतं. चालवून बगायचं काम दुसऱ्याचं. त्या दिवशी तुमच्या गाडीला तेल घातलं, चालू केली. तिचा आवाज असा लागला... फाटक उगडं व्हतं. मला वाटलं, कोपऱ्यापतुर जातो. मग कोपरा आला आन गेला. रस्ता पुढं पुढंच जात व्हता. मी थांबलोच न्हाय."

श्रीमंत त्याच्याकडं बघत राहिला. बसऱ्याच्या बाहेर वाळूत पहिल्यांदा लॉरी एकट्याला दिली होती तो दिवस त्याला आठवला. त्या दिवशी त्यालाही थांबता आलं नव्हतं. कडक शिस्तीच्या साहेबानं त्याला दोन दिवस कोंडून ठेवलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस?" कस्तुराबाईनं विचारलं.

शिवप्पानं पंचाक्षरींकडं पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. "त्याच सांजंला सांगितलं, अव्वा. म्हनले, ठोकून घे, रंग मार, गप बस. मेंढीकडं जातो म्हनलं तर म्हनले, पाय बाहेर टाकलास तर परत येऊ नको."

पंचाक्षरींचा चेहरा लाल झाला. "शिवप्पा, तुझं काम संपलं. उद्यापासून येऊ नकोस. श्रीमंत, झाला तुमचा न्याय? माणूस काढला."

"माणूस काढून माझी गाडी सरळ व्हती काय?" श्रीमंत म्हणाला. "मला माणूस काढायचा न्हाय. गाडी नीट पायजे. तुमी तीन गोष्टी वहीत लिवा. एक, आस, मडगार्ड आन दिवा एजन्सी आपल्या खर्चानं नीट करंल. दोन, तवर माझ्या उतारूंसाठी एजन्सीची एक गाडी मला द्याल. तीन, काम शिवप्पा करंल, आन मी शेजारी बसून बगीन."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तुमच्या पाटीवर मोठ्या कंपनीचं नाव हाय. तिचा मुंबईचा पत्ता मी उतरून घेतलाय. वहीत काय लिवलंय त्याची नक्कल टपालानं जाईल. मावशीचा अंगठा बी त्याच्यावर असंल."

"माझी धाई बोटं घे," मायाक्का म्हणाली.

पंचाक्षरींनी वही मागवली आणि लिहिलं. माफी मात्र मागितली नाही. ते शेवटपर्यंत मागणार नव्हतेच.

पुढचे सहा दिवस श्रीमंत सकाळी एजन्सीच्या एका काळ्या चौकोनी गाडीतून उतारू न्यायचा आणि दुपारी शेडात येऊन बसायचा. शिवप्पा पुढचा आस काढून भट्टीत तापवायचा, सरळ करायचा, दोरी लावून बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा तापवायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. कधी शिवप्पा विचारायचा, "दादा, अक्कलकोटच्या पुढं काय हाय?" श्रीमंत सांगायचा. मग त्याच्या पुढचं विचारायचा. तेही सांगायचा. लोखंड निवेपर्यंत ते असे बोलत बोलत पार समुद्रापर्यंत जाऊन यायचे. संध्याकाळी शिवप्पा दवाखान्यात मेंढीसाठी ओला चारा घेऊन जायचा. मायाक्का कस्तुराबाईपाशीच राहिली होती; दोघींची चांगलीच गट्टी जमली.

मुंबईहून दिव्याची काच आली ती थोडी लहान आली. निळ्या रंगाचं मात्र काही जमलं नाही. तीनदा मिसळला, तीनदा वेगळाच झाला. शेवटी श्रीमंत म्हणाला, "राहू दे. पावसाचं आभाळ बी सगळीकडं सारखं नसतंय."

नवव्या दिवशी मेंढी सोडली. पण तोवर मायाक्काची सून कळप घेऊन बार्शीच्या रस्त्याला लागली होती. श्रीमंतनं ठरवलं, गाडी तपासायची ती याच फेरीत. मायाक्का आणि मेंढी मागं बसल्या. शिवप्पा नेहमीसारखा फाटकापर्यंत गाडी घेऊन आला आणि उतरायला लागला.

"कुटं उतरतुयास?" श्रीमंत शेजारच्या बाजूनं आत चढत म्हणाला. "चालव."

"मी?"

"मग गाडी सरळ जाती का न्हाय ते मला कसं कळणार? स्टेअरिंग तू धर. मी नुसता बगतो."

शिवप्पानं फाटकाबाहेर गाडी काढली. शहर मागं पडलं. गिरण्यांची धुराडी बारीक होत गेली आणि मग नुसती रानं उरली. एका सरळ पट्ट्यावर शिवप्पानं स्टेअरिंग क्षणभर अगदी सैल सोडलं. गाडी डावीकडं गेली नाही, उजवीकडंही गेली नाही. ती सरळ जात राहिली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नाही.

वडाळ्याच्या पुढं, ऊन तांबूस झालं तेव्हा, धुळीचा एक लांबट ढग दिसला. तो कळप होता. मायाक्का उतरली, मेंढीला खाली ठेवलं. मेंढी तीन पायांवर आणि जरा चौथ्यावर उभी राहिली, ओरडली, आणि धुळीतून दहा-वीस आवाजांनी तिला उत्तर दिलं. म्हातारीनं शिवप्पाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि कळपाकडं चालू लागली.

शिवप्पाला काढायची भाषा पंचाक्षरींनी पुन्हा केली नाही; त्यानंतर त्यानं एजन्सीत वर्षभर काम केलं. गाड्या चालवून बघायचं काम त्याला दिलं गेलं, कारण वहीची नक्कल मुंबईला जाईल या धाकानं पंचाक्षरींना ते दुसऱ्या कुणावर सोपवायची हिंमत होईना. पुढं तो बार्शीला गेला आणि तिकडं एका सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाला. ओळखीच्या उतारूंबरोबर तो श्रीमंतला निरोप धाडायचा. निरोप प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेचा असायचा: आज अमुक गावाच्या पुढं जाऊन आलो, तिथून पुढंही रस्ता आहे.